पेढीला टेलिफोन हवा का

माझे वडील गिरगावातल्या एका पेढीवर शिपाई आहेत. पेढी गिरण्यांना चामड्याचे पट्टे, फिरक्या, तेल असला माल पुरवते. परळ-लालबागच्या गिरण्यांतून मागणीच्या चिठ्ठ्या आणायच्या, पेढीची उत्तरं पोचवायची आणि परगावच्या तारा तारऑफिसात नेऊन द्यायच्या, हे वडिलांचं काम. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडिलांनी ते पेढीवर इतक्यांदा सांगितलं होतं की गेल्या सुटीत शेठनी मला बोलावून घेतलं.

तारांचा खर्च फार होत होता. टेलिफोन घ्यावा, असा मुनिमाचा आग्रह होता. त्याची वर्गणी मोठी, पण शिपाई कमी करता येईल, असं त्याचं म्हणणं. मी सगळं तपासून काय करावं ते लिहून द्यायचं होतं. तो शिपाई माझा कोण, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, तरी कोणी बोललं नाही. मला खुर्ची दिली होती. वडील पाण्याचा पेला घेऊन आले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "घ्या." मला वर बघवेना.

घरी मात्र त्यांनी बजावलं की खरं असेल तेच लिही, मी गिरणीत कुठंतरी लागेन. या वयात त्यांना गिरणीत कोण घेणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. माझं कॉलेजही त्यांच्याच पगारावर चाललं होतं.

तारांचं लवकर उलगडलं. पेढी जवळजवळ प्रत्येक तार तातडीच्या दराने पाठवत असे. संध्याकाळची तार सोलापूरला लगेच पोचे, पण तिथली दुकानं उघडत सकाळी. साध्या दराची तारही तोवर पोचली असती.

टेलिफोनसाठी मी गिरण्या पालथ्या घातल्या. थोड्याच गिरण्यांत तो होता, आणि तोही मॅनेजरसाहेबाच्या खोलीत. पेढीकडे माल मागतो तो स्टोअरकीपर. तो बसतो आवारापलीकडच्या गोदामात, आणि साहेबाच्या खोलीत शिरून यंत्राला हात लावायची त्याची छाती नव्हती. म्हणजे टेलिफोन घेतला तरी चिठ्ठ्या आणायला माणूस लागणारच. मी तसंच लिहिलं. तूर्त टेलिफोन नको, तारा साध्या दराने पाठवाव्यात, आहे तो माणूस पुरतो.

मुनिमाने ते शेठना वाचून दाखवलं आणि कागद खाली ठेवत म्हणाला, "शिक्षणाचं चीज केलंस हो. बापाची भाकरी राखलीस."

शेठ हसले. पोराने बापासाठी एवढंही करू नये का, असं म्हणून त्यांनी टेलिफोनचा विषय तिथेच मिटवला. मी गोदामाचं सांगू लागलो, पण जितकं सांगावं तितकं माझं मलाच बनाव केल्यासारखं वाटू लागलं. वडील दाराशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

घरी जाताना ते म्हणाले, "माझ्यापायी खोटं लिवलंस."

"नाही बाबा, खरंच तसं आहे."

"असूंदे. पण शेटचं मीठ खातो रे मी."

मी शपथ घेणार होतो, पण घेतली नाही. लिहिलं त्यात खोटं काही नव्हतं. पण तो शिपाई दुसऱ्या कोणाचा बाप असता, तर मी गोदामापर्यंत चालत गेलो असतो का? याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

पुढे कॉलेज सुरू झाल्यावर एकदा मला वडील भायखळ्याच्या रस्त्यावर दिसले. एरवी ते तिथवर घोड्यांच्या ट्रामने येत. त्या दिवशी भर उन्हात, चिठ्ठ्यांची पिशवी छातीशी धरून, अर्धे पळत अर्धे चालत निघाले होते. मी त्यांना गाठलं आणि ट्राम का सोडली ते विचारलं.

"घोडी सतरा जागी थांबतात," ते धापा टाकत म्हणाले. "तू लिवलंस ना, माणूस पुरतो म्हणून? मग पुरायला नको?"

मी पिशवी मागितली. त्यांनी ती दिली नाही. मी त्यांच्या बाजूने चालू लागलो, आणि त्यांच्या चालीला पुरेना तेव्हा मीही पळू लागलो.