फ्राऊ हेल्मके तीनदा नको म्हणाल्या

“हे काय आहे?” फ्राऊ हेल्मकेंनी विचारलं.

त्यांच्या हातात माझा कागद होता. वर उमेदवारांची यादी, त्यात पहिलं नाव त्यांचं. खाली एकवीस सह्या. गुरुवारची सकाळ होती आणि कागद शुक्रवारी दुपारी दोनच्या आत जमा व्हायला हवा होता.

“सरप्राइज,” मी म्हणालो.

“मी तुम्हाला तीनदा नको म्हणाले होते, हेर सबनीस.” कागद टेबलावर ठेवून त्या आपल्या बेंचकडे निघून गेल्या.

मी हॅनोव्हरजवळच्या एका गिअरबॉक्स कंपनीत टेस्ट इंजिनिअर आहे. आमच्या हॉल तीनमध्ये टेस्ट बेंच आहेत. म्हणजे गिअरबॉक्स गाडीत बसवण्याआधी त्याला जागच्या जागी हजारो किलोमीटर पळवायचं यंत्र. तो तिथे तुटला तर बरं, रस्त्यावर तुटायला नको. हा हॉल बंद करून सगळं टेस्टिंग पुण्याला हलवायचं वरच्यांच्या मनात होतं. हो, पुण्यालाच! मी मूळचा पुण्याचा. कँटीनमध्ये लोक माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच बेंच सुटकेसमध्ये घालून नेणार होतो.

हे रोखू शकेल अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे बेट्रीब्सराट. ही कर्मचाऱ्यांनी निवडलेली समिती असते. एवढा मोठा बदल करायचा तर कंपनीला आधी तिच्याशी बोलावंच लागतं. समितीचे जुने अध्यक्ष रिटायर होत होते. त्यांच्या जागी डोळा ठेवून असलेले गृहस्थ मॅनेजमेंटने काहीही म्हटलं की “गेनाऊ, गेनाऊ”, म्हणजे ‘अगदी बरोबर’, असं म्हणत मान डोलावणारे. ते अध्यक्ष झाले असते तर हॉल तीनमधल्या एकोणीस जणांची नोकरी गेलीच म्हणून समजा.

आम्हाला हव्या होत्या गीझेला हेल्मके. सत्तावन्न वर्षांच्या, बेंचचं कॅलिब्रेशन करणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. एकदा भर मीटिंगमध्ये डायरेक्टरच्या स्लाइडकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या होत्या, “हा आकडा माझ्या बेंचचा नाही.” आणि खरंच नव्हता. त्या दिवसापासून अख्खी कंपनी त्यांना मानते.

त्यांच्या मागे यादीत यायला सहा जण लगेच तयार झाले. बाई मात्र पहिल्यांदा नको म्हणाल्या, “नाईन.” मला वाटलं, विनय. दुसऱ्यांदा आभारासकट म्हणाल्या, “नाईन, डांके.” मला वाटलं, आता आल्या. आपल्याकडे पंगतीत पाहुणा दोनदा पानावर हात आडवा धरतो, तिसऱ्यांदा बोटं जरा फाकवतो. मी त्याच हिशेबाने चाललो होतो. तिसरा नकारही मी होकारात जमा केला आणि सह्या गोळा करत सुटलो. आमच्याएवढ्या कंपनीत पंधरा सह्या पुरतात. मला दोन दिवसांत एकवीस मिळाल्या. काय मजा येत होती! पेंट शॉपमधली माणसं स्वतःहून पेन मागत होती. मात्र उमेदवाराची लेखी संमती नसेल तर कागद बाद, हा नियम मला माहीत होता. एवढ्या सह्या बघून बाई विरघळतील, अशी माझी खात्री होती.

संध्याकाळी घरी बायकोला, मेधाला, सगळं सांगितलं.

“इथे नको म्हणजे नको असतं,” ती म्हणाली. “शेजारच्या आजींना मी आग्रहाने तिसरी करंजी वाढली, तर बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या. तू त्यांना का नको, ते विचारलंस?”

नव्हतं विचारलं. तीन वेळा भेटून एकदाही नाही.

शुक्रवारी सकाळी सातला मी त्यांच्या बेंचपाशी उभा. आधी माफी मागितली. मग विचारलं.

त्यांनी हातातला सेन्सर खाली ठेवला. “आधीच्या कंपनीत मी उभी राहिले होते. असंच सगळ्यांनी गळ घातली म्हणून. पहिल्याच कठीण बैठकीत मागे वळून पाहिलं, तर मला पुढे ढकलणारा माणूस खोलीतच नव्हता. तो यादीतही नव्हता.” मग त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. “तुमच्या यादीत सात नावं आहेत. तुमचं कुठे आहे?”

खरं उत्तर लाजिरवाणं होतं. माझे बॉस हेर फोख्ट मला म्हणाले होते, “पुण्याचं काम सुरू झालं की तिथली भाषा येणारा कोऑर्डिनेटर लागेल.” मी हॉल वाचवायला धावत होतो आणि हॉल बुडालाच तर आपली सोयही बघून ठेवली होती. दोन दगडांवर पाय.

“मी बाहेरचा,” मी पुटपुटलो. “माझं जर्मन...”

“जर्मन पासपोर्ट लागत नाही. मी नियम वाचलेत.”

“मला बोलायला जमत नाही.”

“गेले दोन आठवडे तुम्ही दुसरं काही केलेलं नाही.”

मी तिसऱ्यांदा नको म्हणणार होतो. तोंड उघडलं आणि माझं मलाच हसू फुटलं. “दुसऱ्या नंबरवर लिहा,” मी म्हणालो.

“आल्झो, मग ठरलं,” त्या म्हणाल्या आणि खिशातून पेन काढलं.

पुढे खरी गंमत. यादीत एक नाव वाढलं की आधीच्या सह्या रद्द. पुन्हा पंधरा हव्या, दोनच्या आत, आणि वार शुक्रवार! जर्मनीत शुक्रवारी बारानंतर ऑफिसात कुत्रं सापडत नाही. आठही उमेदवारांची संमती नव्या कागदावर घेईपर्यंतच बारा वाजले. मग मी पळत सुटलो. हॉल तीनमध्ये नऊ मिळाल्या. पेंट शॉप आधीच रिकामं झालं होतं. कॉरिडॉरमध्ये हेर फोख्ट आडवे आले.

“तुमचंही नाव आहे म्हणे?”

“हो.”

“पुण्याचा विचार केलात?”

“केला.”

“नीट केलात?”

“आत्ता घाई आहे, हेर फोख्ट.”

उमेदवाराला सहसा कामावरून काढता येत नाही, तसा कायदा आहे. न दिलेलं पद काढून घेण्याविरुद्ध कायदा नाही. तरी छातीत असं काही उसळत होतं की मी पार्किंगपर्यंत धावतच गेलो. निघालेल्या गाड्यांपुढे हात पसरून उभा राहिलो. लोकांनी स्टिअरिंगवर कागद ठेवून सह्या केल्या. पंधरावी सही गेटवरच्या वॉचमनची. दोनला चार मिनिटं कमी असताना कागद निवडणूक समितीच्या टेबलावर पडला. फ्राऊ हेल्मके दारात उभ्या होत्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

निवडणुकीत समितीच्या नऊपैकी पाच जागा आम्हाला मिळाल्या आणि त्या अध्यक्ष झाल्या. पहिल्या कठीण बैठकीत त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. मी होतो, घाम पुसत. सात महिने भांडून हॉल तीन राहिला, एकोणीसच्या एकोणीस माणसांसकट. नवीन मॉडेलचे बेंच तेवढे पुण्याला गेले. कोऑर्डिनेटर दुसराच कोणी झाला.

शिकलो एवढंच, की आग्रह करायला हरकत नाही, पण आधी आपलं पान मांडावं.

निकालानंतर त्या आमच्याकडे जेवायला आल्या. मी दुसरी पुरणपोळी पुढे केली. “नाईन, डांके.” मी मुकाट्याने ताट मागे घेतलं. त्यांनी माझ्या पानाकडे पाहिलं.

“तुम्ही घेताय?”

“घेतोय.”

“मग मलाही द्या.”