शेवटच्या पानावरचं आईचं नाव

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीतल्या रविवारी, भरदुपारी, फोनवर. तिला तेव्हा कळलंही नाही. ती शहागंजात रद्दीच्या गाड्यापाशी उभी होती.

जुन्या मराठी कॉमिक्सचा एक ग्रुप आहे. ज्याच्याकडं जुना अंक असेल त्यानं स्कॅन करायचा, सगळ्यांना फुकट द्यायचा. शेवटच्या पानाखाली स्कॅन करणाऱ्याची पट्टी. कुणाच्या पट्टीवर गणपती, कुणाच्या कुलदैवत, कुणाच्या नातवाचा फोटो. दुसऱ्याची पट्टी काढायची नाही, हा नियम. ॲडमिननंच केलेला.

माझे अंक आईच्या रद्दीतले. भिजलेले, उंदरानं कुरतडलेले. आई मैद्याच्या खळीनं पान न् पान जोडायची, गादीखाली दाबून ठेवायची. मग मी पिना काढून स्कॅन करायचे. माझी पट्टी निळी. तिच्यावर आईचं नाव, खाली 'जय भीम'.

"माझं नाव कशाला गं? म्या काय चितरं काढलीत व्हय?" आई म्हणाली होती. पण बोट फिरवून नाव वाचलं. फोन लवकर परत दिला नाय.

त्या रविवारी माझाच अंक ग्रुपवर परत आला. पट्टी कापलेली. तिथं ॲडमिनची पट्टी, गणपतीसकट. आईनं जोडलेली भेग मात्र तशीच, नायकाच्या छातीवरून आडवी.

मी विचारलं, "सर, पट्टी का काढली?"

"ताई, इथे राजकारण नको. आणि मालकी कसली गाजवता? कॉमिक्स सगळ्यांची आहेत."

खाली एकानं टाकलं, "रद्दीवालीची फाईल. उघडल्यावर हात धुवायचे का?"

हसणारे चेहरे. ओळीनं. त्यात माझ्याकडं अंक मागत फिरणारेपण होते.

थकले मी. शिव्यांनी नाही. तेच तेच समजावून. त्यांचा गणपती श्रद्धा, माझं जय भीम राजकारण. मालक मी नाही, ठाऊक आहे मला. मालक लिहिणारा, चितारणारा, छापणारा. त्यांची नावं आतल्या पानावर असतात. ती मी कधी कापली नाहीत.

संध्याकाळी ॲडमिनचा खासगी मेसेज. "पुढचा भाग तुमच्याकडेच आहे ना? सगळे वाट बघतायत. पट्टीवर फक्त तुमचं नाव टाका. आईचं आणि ते खालचं काढा. एवढं काय त्यात?"

पुढच्या भागाचीच पानं आई तेव्हा जोडत होती. मी तिला सगळं वाचून दाखवलं. हात धुण्याचंसुद्धा. तिनं खळीचं बोट पदराला पुसलं.

"देऊन टाक की. लेकरं वाट बघत असतील." मग थांबून म्हणाली, "पर माझं नाव खोडून नाय."

मी तसंच लिहिलं. नावासकट घ्या, नायतर नाही. मला ग्रुपमधून काढलं.

बरं झालं. आता मी स्वतःच देते, मागेल त्याला. पट्टी शेवटच्या पानावर नाही. पहिल्या पानावर, चित्रावरच चढवून. तिला कापायचं तर चित्र कापावं लागेल. जय भीम तिथंच राहणार.

तो कापलेला अंक तुमच्या फोनात असेल. नायकाच्या छातीवर आडवी भेग शोधा, सापडेल. पुढं पाठवू नका. आधी ज्या ग्रुपवर आला त्याच ग्रुपवर, सगळ्यांसमोर विचारा: हे पान जोडलं कुणी, आणि तिचं नाव कापलं कुणी?