ज्यांच्याविरुद्ध मी हात वर केला

गौरव समितीची मुलं लेख मागायला आली तेव्हा मी आधी विचारलं, "बाबांनो, घर चुकलं नाही ना?" सुलोचनाअक्कांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात त्यांचे सहकारी लिहितील, कार्यकर्ते लिहितील, हे समजू शकतो. मी तर पंचायत समितीत त्यांच्या विरोधी गटाचा सदस्य. अविश्वास ठरावाच्या वेळी त्यांच्याविरुद्ध हात वर करणारा. मुलं हसली आणि म्हणाली, "नाना, तुमचं नाव अक्कांनीच सांगितलंय." झालं, बसलो लिहायला.

अक्कांची नि माझी पहिली ओळख ऐंशीच्या दशकातली. मी गावचा सरपंच होतो. चाळीसगावच्या बाजाराला निघायच्या घाईत होतो आणि अक्का ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला बौद्धवस्ती, तिथे त्यांचं घर. यजमान रेल्वेत नोकरीला. वस्तीत हातपंप हवा होता. मी म्हणालो, "बघू." हा सरपंचाचा हुकमी शब्द. त्यात होकार नसतो, नकार नसतो, आणि समोरचा माणूस निमूट घरी जातो.

अक्का गेल्या नाहीत. "बघू म्हणजे कधी, भाऊ?" पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा हजर. त्याच्या पुढच्या बाजारालाही. आवाज कधी चढला नाही, पण आपला कागद तालुक्यात कोणाच्या टेबलावर अडकलाय ते त्या मलाच येऊन सांगायच्या. शेवटी कंटाळून मी हातपंप बसवून घेतला. मग काय विचारता! रेशनकार्ड असो, निराधार बाईचा पगार असो, आमच्या गल्लीतल्या बायकाही अक्कांकडे जायला लागल्या. मला वाटलं, बरं झालं, डोक्याचा ताप गेला. सरपंचाच्या दारातली माणसं दुसऱ्या दारात जायला लागली की खुर्चीही तिकडे सरकायला लागते, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

नव्वदच्या दशकात महिलांसाठी जागा राखीव झाल्या. अक्का पंचायत समितीवर निवडून आल्या आणि सभापती झाल्या. मीही शेजारच्या गणातून, म्हणजे मतदारसंघातून, निवडून आलो होतो. आम्हा पुढाऱ्यांचा हिशेब साधा होता: नाव बाईंचं, कारभार आपला. तो हिशेब महिन्याभरात फसला. अक्कांची एक पद्धत होती. होणारं काम त्या 'होईल' म्हणून सांगत आणि न होणारं 'नाही होणार' म्हणून तोंडावर सांगत, तेही त्याच दिवशी. लोकांना नकाराचा राग यायचा, पण हेलपाटे वाचायचे. त्यामुळे मधल्या दलालांची, म्हणजे आमचीच, गरज उरली नाही.

माझा त्यांच्याशी खरा तंटा रस्त्यावरून होता. सभापती आमच्या गावच्या, आणि तालुक्यातल्या रस्त्यांच्या कामात आमचं गाव सर्वांत शेवटी! मी विचारलं तर म्हणाल्या, "आपल्या गावापासून सुरुवात केली तर बाकीच्या गावांना काय तोंड दाखवू?" अहो, पण पावसाळ्यात चिखल तुडवत जायचं कोणी? माझा संताप खोटा नव्हता आणि आजही तो मला खोटा वाटत नाही. म्हणून आमच्या गटाने अविश्वास ठराव आणला तेव्हा मी सही केली.

आता आमच्याकडची रीत अशी, की ठराव आणला की सदस्यांना सहलीला न्यायचं. सहल कसली, कोंबड्या डालण्यासारखंच ते. कोणी फुटू नये म्हणून मतदान होईपर्यंत दूर नेऊन ठेवायचं. आम्हाला जीपमध्ये कोंबून ओंकारेश्वरला नेलं. दर्शन झालं, दालबाटी झाली, पत्ते कुटून झाले. टेलिफोनच्या बूथवर एकट्याला सोडत नसत. घरी मी "दोन दिवसांत येतो" एवढंच सांगून निघालो होतो, आणि सहल संपता संपेना.

इकडे माझ्यामागे धुळ्याहून निरोप आला. माझ्या थोरल्या लेकीला पाहायला पाहुणे येत होते, ते थेट दुसऱ्या दिवशी. स्थळ मोलाचं होतं. याआधी दोन ठिकाणी बोलणी मोडली होती, पोरगी खचली होती. आणि मुलीचा बाप बेपत्ता! पाहुण्यांनी विचारलं तर सांगायचं काय? नवऱ्याला मतासाठी डांबून ठेवलंय म्हणून? आमच्या मंडळी घाबरून थेट अक्कांच्या घरी गेल्या आणि रडत म्हणाल्या, "अक्का, आमचे हे कोठे शेतस, तुमले तरी माहीत शे का?"

अक्कांना सगळं ठाऊक होतं. माझा पत्ता नव्हे, पण मी कशासाठी गेलोय ते. त्या एवढंच म्हणाल्या, "रडू नको. पाव्हना येऊ दे, मी येस."

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या. गावाच्या त्या टोकापासून चालत अवघ्या दहा मिनिटांचं अंतर, पण मुद्दाम सभापतींच्या सरकारी जीपने आल्या. दारात जीप उभी राहिल्यावर पाहुणे सावरून बसले. तोवर अक्कांचं आमच्याकडे येणं ओट्यापर्यंतच असायचं. "आत या" असं आमच्यापैकी कोणी कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी आमच्या मंडळींनी हाताला धरून त्यांना आत नेलं आणि पाहुण्यांसमोर वडीलधाऱ्यांच्या जागी बसवलं. मुलाच्या वडिलांनी विचारलंच, "मुलीचे वडील दिसत नाहीत?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "पंचायत समितीच्या कामासाठी बाहेरगावी गेलेत. मी सभापती, मला नाही माहीत तर कोणाला?" यातला एक शब्द तरी खोटा होता का, सांगा!

मी मात्र यातलं काहीएक जाणत नव्हतो. जीप आम्हाला घेऊन परस्पर सभागृहाच्या दारात थांबली. अक्का आत बसल्या होत्या. आमची नजरानजर झाली. त्यांनी नुसती मान हलवली. अधिकाऱ्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर करायला सांगितलं, मी केला. ठराव अवघ्या एका मताच्या फरकाने मंजूर झाला. अक्कांची खुर्ची गेली.

बाहेर आमच्या लोकांनी गुलाल उधळला. त्या गर्दीतून वाट काढत अक्का माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पहिले घर जा. पाव्हना येई गयात. पोर पसंत शे."

घरी जाऊन सगळं ऐकलं आणि मला लाज वगैरे वाटायच्या आधी सणकून राग आला. ते एक मत माझं होतं! सभागृहात शिरताना कानात चार शब्द टाकले असते तर माझा हात वर गेला नसता, खुर्ची राहिली असती. ही बाई वेडी आहे की महापक्की, मला कळेना. तसाच अंगावर गुलाल घेऊन त्यांच्या दारात गेलो आणि ओरडलो, "अक्का, आधी का नाही सांगितलं?"

अक्का भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर मत मिळालं असतं. पण मंग असा दारात उभा राहून मन्हासंगे भांडला असता का तू, भाऊ?"

खरंच भांडलो नसतो. मत देऊन मिंधा झालो असतो आणि जन्मभर त्यांची वाट टाळली असती.

अक्कांनी ही गोष्ट कुठे बोलून दाखवली नाही. त्याची गरजही पडली नाही, कारण आमच्या मंडळींनी ती हळदीकुंकवापासून दळणाच्या गिरणीपर्यंत पोचवली. पुढच्या निवडणुकीत आमच्या गटाला अक्कांविरुद्ध उमेदवार मिळेना. ज्याला विचारावं त्याची बायको नको म्हणायची. अक्का पुन्हा सभापती झाल्या, आणि या वेळी त्यांना सहलीची भीती घालायची कोणाची छाती झाली नाही. आमचा रस्ता? तो तेव्हाही शेवटीच झाला! मी त्यावरून भर सभेत कडाडून भांडलो आणि सभा संपल्यावर त्यांच्याकडे जेवून घरी आलो.

लेक धुळ्यात सुखात आहे. पहिलं बाळ झाल्यावर माहेरी आली तेव्हा ते घेऊन आधी अक्कांच्या पाया पडायला गेली, मग आमच्या घरी. मला त्याचा थोडा हेवा वाटला, हेही लिहून टाकतो.

अक्का, आपली प्रकृती ठणठणीत राहो, गुडघे कुरकुर न करोत आणि शंभरीही आपण चालत गाठावी. हा माझा स्वार्थ आहे. मनात काही न ठेवता ज्याच्याशी भांडता येईल असं तालुक्यात आता तुमच्याशिवाय मला कोणी उरलेलं नाही.