ओट्यावरची विहीर

हल्ली घरोघरी पाणी शुद्ध करणारे यंत्र भिंतीवर टांगलेले असते. ते बिघडले की फोन करायचा. माणूस येतो, आतले भाग बदलतो, आणि आपण शेजारी उभे राहून मान डोलावतो. आमच्या वेळी अशी सोय नव्हती. आमचा फिल्टर आम्हीच बसवला आणि चुकीचा बसवला, तोही आम्हीच. इथे ‘आम्ही’ म्हणणे अप्रामाणिकपणाचे आहे, असे पत्नीचे मत आहे. चुकीचा मी एकट्याने बसवला होता.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षे. वाशीत इमारती उभ्या राहिल्या होत्या, घरात नळही होते. नळातून काय येईल याची मात्र शाश्वती नव्हती. कुठे ना कुठे पाइपसाठी खोदकाम चालूच असे. पाणी पहाटे पाचला येई. पहिल्या दोन बादल्या तांबूस असत, त्या फरशी पुसायला जात. पुढचे पाणी दिसायला बरे होते, पण दुपारपर्यंत हंड्याच्या तळाशी गाळाचा बारीक थर बसे.

त्या वर्षी पत्नीला जवळच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळत होती. लग्नाआधीपासून ती शिकवीत असे. मुलगी झाल्यावर ते सुटले आणि परत मिळेल याची आशाही तिने जवळजवळ सोडली होती. शाळा जूनमध्ये उघडणार होती. होकार मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारपर्यंत लेखी कळवायचा होता. मुलगी दोन वर्षांची. तिला सांभाळायला कोणी नव्हते. म्हणून मी साताऱ्याकडच्या आमच्या गावी गेलो आणि आईला घेऊन आलो. तिने निघण्यापूर्वीच अट घातली.

“पानी सोसलं तर ऱ्हाईन. न्हाई सोसलं तर मला गुमान यष्टीत बसवायचं. रडारड करायची न्हाई.”

रडारड करण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी अट मान्य केली.

चौथ्या दिवशी तिचे पोट बिघडले. डॉक्टरांनी पाणी उकळून किंवा फिल्टर करून प्यायला सांगितले. उकळलेले पाणी आई तोंडाला लावीना; ते आजाऱ्याला देतात, आणि आपण आजारी नाही, असे तिचे अंथरुणात पडल्या पडल्या म्हणणे होते. राहिला फिल्टर. मी त्याच संध्याकाळी भांड्यांच्या दुकानातून तो आणला. स्टीलचे दोन डबे, एकावर एक. वरच्या डब्यात चिनी मातीसारख्या दोन पांढऱ्या कँडल उभ्या करायच्या. पाणी त्यांच्यातून झिरपून खालच्या डब्यात उतरते, आणि खालच्या डब्याला तोटी असते.

मी तेव्हा रबाळ्याला पंपांच्या कारखान्यात तपासणी विभागात होतो. फिल्टर कसा बसवावा याचा एक कागद सोबत आला होता. तो मी न वाचता नीट घडी करून ठेवला. प्रत्येक कँडलबरोबर दोन रबरी वॉशर होते. नट आवळायचा तिथे वॉशर घालायचा, ही माझ्या हाताची सवय. नट डब्याच्या तळाखाली होता. दोन्ही वॉशर मी तळाखाली घातले आणि नट पक्का आवळला.

तासाभरात खालचा डबा भरला. मी पत्नीला म्हणालो, “लोकांचे फिल्टर रात्रभर ठिबकत असतात. काम नीट केले की असे होते.”

ती काही बोलली नाही. तिचे काही न बोलणे मी त्या काळी सहमती समजत असे.

आईने तोटीला जुन्या धोतराचे पांढरे फडके बांधले. गावी ती कळशीच्या तोंडाला बांधत असे, तसेच. मी हसलो. तिसऱ्या दिवशी तिने ते सोडले आणि माझ्यापुढे धरले. मधोमध रुपयाएवढा तपकिरी डाग होता.

“तुज्या डब्यानं पानी गाळलं म्हंतोस. मग माज्या फडक्यानं काय गाळलं?”

पत्नीने तो घडी केलेला कागद काढला आणि वर्गात धडा वाचावा तसा वाचला. एक वॉशर तळाच्या वर, कँडलखाली; दुसरा तळाच्या खाली, नटाजवळ. वरचा वॉशर नसल्यामुळे पाणी कँडलमध्ये शिरण्याच्या भानगडीत न पडता, भोकाच्या कडेने सरळ खाली येत होते.

“अहो,” ती म्हणाली, “कारखान्यातले पंप तुम्हीच पास करता ना?”

“हो.”

“बरं. नुसतं विचारलं.”

मी दोन्ही कँडल काढून पुन्हा बसवल्या. आता पाणी थेंबाथेंबाने उतरू लागले, आणि त्यातून दुसरी अडचण निघाली. रात्रीचे पाणी आईच्या लेखी शिळे. गावी ती पहाटे हंडा रिकामा करी, राखेने घासे, ताजे भरून आणी आणि मगच चूल पेटवी. इथे पाचला वरचा डबा भरला, तर सात वाजेपर्यंत जेमतेम दोन तांबे पाणी मिळे. रात्रीपासून साचवले, तर मी उठण्यापूर्वीच ती तोटी सोडून सगळे बाल्कनीतल्या तुळशीला घालून मोकळी होई. त्या उन्हाळ्यात वाशीतले सर्वांत शुद्ध पाणी आमच्या तुळशीला मिळाले.

आई स्वतः नळाचेच पाणी फडक्यातून गाळून पिऊ लागली. पोट पुन्हा बिघडले. बुधवारी सकाळी ती साड्या पिशवीत भरू लागली. सोमवार पाच दिवसांवर आला होता.

मी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसलो. पाणी झाकलेले असले तर एका रात्रीत त्याला काही होत नाही, जंतूंना कालचा दिवस आणि आजचा दिवस कळत नाही, हे मी क्रमाने समजावले. अर्धा तास बोललो. एवढे मी वर्षभरात बोलत नसे. तिने शांतपणे ऐकून घेतले.

“झालं?” ती म्हणाली. “आता यष्टीचं टायम इचारून ये.”

पत्नी खाली बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, “आई, गावची विहीर रोज उपसता का हो?”

“रोज कशाला? वरसातनं एकदा. पानी तळाला गेलं म्हंजी.”

“मग वर्षभर त्यातलं पाणी शिळं होत नाही?”

“हिरीतलं पानी कुटं शिळं हुतंय, पोरी? आतनं झरत असतंय. वर काडलं की मग त्याचा दिस मोजायचा.”

“हेही झरतंच की. थेंब थेंब झरतं रात्रभर. सकाळी तुम्ही तोटी सोडली की काढलं. तोवर ते विहिरीतच.”

आईचे हात थांबले. ती उठली, ओट्याजवळ गेली, वरचे झाकण काढून आत पाहिले. मग वाकून तोटी पाहिली.

“हिचा झरा वरनं हाय.”

“नवी मुंबई आहे, आई. इथली विहीर उलटीच असायची.”

आई फारशी हसत नसे. तेव्हा हसली. “लई शानी हाईस. साळंत पोरांस्नी हेच शिकिवनार व्हय?”

शाळेचा उल्लेख तिने आपणहून केल्याची ती पहिलीच वेळ. तांदळात एवढे खडे नव्हते, तरी पत्नी बराच वेळ निवडत राहिली.

गुरुवारी पहाटे आईने फिल्टरला हळदीकुंकू लावले, हात जोडले आणि तोटीखाली तांब्या धरला. तो तांब्या तिने उभ्याने संपवला. आम्ही दोघे, कामात आहोत असे दाखवत, पाहत होतो.

शुक्रवार बरा गेला. शनिवारही. विहीर म्हटली की उपसा आला. रविवारी सकाळी तिने मला बोलावले. कागदाप्रमाणे कँडल पंधरा दिवसांनी घासायच्या होत्या. आईचे म्हणणे, एवढ्याशा हिरीला आठ दिवस पुष्कळ. मी दोन्ही डबे रिकामे केले, कँडल काढल्या आणि साबण न लावता मऊ ब्रशने, त्यांचा पिवळट थर जाऊन पांढरा रंग येईपर्यंत घासल्या. परत बसवताना ती कंबरेवर हात ठेवून शेजारी उभी होती.

“वासर?”

“एक वर, एक खाली.”

“मोठ्यानं सांग. तिला ऐकू जाऊ दे.”

स्वयंपाकघरात आम्ही तिघेच होतो आणि पत्नी हातभर अंतरावर होती. तरी मी मोठ्याने सांगितले.

सोमवारी पत्नीने होकाराचे पत्र लिहून पर्समध्ये ठेवले, पण दाराशी जाऊन ती घुटमळली. आईला विचारायचे होते आणि विचारवत नव्हते. आई नातीला भात भरवीत होती. तिने मागे वळूनही पाहिले नाही.

“जा की. ऊन चडायच्या आत जा. आनी येताना माज्यासाटनं येक कुलूप आन.”

“कुलूप कशाला, आई?”

“कपाटाला. मी हितं ऱ्हायची, तर माज्या साड्या काय पिशवीत ऱ्हातील?”

पत्नी गेली. जिन्यावरून तिची पावले नेहमीपेक्षा भरभर उतरली, एवढे मी ऐकले. दुपारी आईने कपाटाचा खालचा खण रिकामा केला. माझे शर्ट कॉटखालच्या ट्रंकेत गेले. मी हरकत घेतली नाही.