पाणी कसं भरावं

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच. नव्या कचेरीनं आमच्या शाळेला काय पाठवावं? चित्रांच्या पातळ पुस्तिका! 'लिंबू सरबत कसं करावं', 'पतंग कसा करावा'. त्या दाखवून दुसरीच्या पोरांकडून तसंच लिहून घ्यायचं. मला आधी रागच आला.

पण पुस्तिका गोड होत्या, खोटं कशाला बोलू? आधी सामान, मग एकेक कृती. पोरांना मी एवढंच सांगितलं, "ज्याला येत न्हाई, त्याला वाचून जमलं पाहिजे." सरबताची पुस्तिका उघडली. 'एक तांब्या पाणी घ्या.' लगेच मागून आवाज, "बाई, कुठून घ्यायचं?" हसावं का रडावं!

वर्गात एक पोर लई गुणाची होती. तिची आई रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. टँकर यायचा ऐन शाळेच्या वेळेला अन् पाणी भरायला हीच, म्हणून बाप तिचं नाव शाळेतून काढायला आला. शेत पडीक, हा दिवसभर पारावर.

"तुम्हीच भरा की पाणी," मी म्हटलं.

तो लाजला. "बाप्या माणसानं डोईवर घागर? गाव हसंल, बाई. अन् मला येतंय कुठं?"

"येत नसंल तर शिका!" मी तणतणले. तो मान खाली घालून गेला.

पोरीनं सगळं ऐकलं होतं. दुपारी तिनं लिहिलं: 'पाणी कसं भरावं. सामान: घागर, फडकं, डोक्यावर ठेवायला चुंबळ. भोंगा वाजला की पळा. रांगेत घागर ठेवा, जागा सोडू नका. कुणी शिवी दिली तर गप बसा. फडक्यानं गाळून घ्या. चुंबळीवर घागर घ्या. मला हाक मारू नका, मी शाळेत हाय.'

"बाई, दादाला देऊ का?" बापाला ती दादा म्हणायची.

"दे गं माय," मी म्हटलं.

मग ती आलीच नाही. मी रोज दाराकडं बघायची, जीव तुटायचा. एका सकाळी बघते तर प्रार्थनेला हजर! थोड्या वेळानं दारात बाप उभा, सदरा चिंब.

"बाई, पोरीचं लिहिणं चुकलंय."

"काय चुकलं?"

"चुंबळ घ्या म्हणती. ती वळायची कशी, ते लिहिलंच न्हाई. निम्मी घागर अंगावर! बाया लई हसल्या." सांगताना तोही हसत होता.

पोर टुणकन उठली. "थांब दादा, वळून दाखवते."

"दाखवू नको. बस अन् लिही. मला उद्या बी जायचंय."