अंगठ्यांचं झाड

अळणावरची सामाईक जागा मी लाटणार, असा आमच्या घरात बोभाटा झाला, तेव्हा मी बटाट्यावर मोगऱ्याचं फूल कोरत होते.

या सगळ्याचं मूळ म्हणजे अक्का. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. धारवाडला असतात, वय ऐंशीच्या घरात, आवाज विशीतला. त्यांना दिलेली कुठलीही भेट त्यांच्या घरात टिकत नाही. इरकल साडी दिली, ती जाऊबाईंच्या अंगावर दिसली. पितळी समई दिली, ती कुणाच्या तरी वास्तुशांतीला गेली. शाल तर संक्रांतीला मलाच परत आली, वर "तुला शोभेल बघ" म्हणून. (शोभली. मीच निवडलेली होती.) म्हणून यंदा भाऊबीजेला पणच केला: अक्कांना अशी भेट द्यायची, की ती दुसऱ्या कुणाला देताच येऊ नये.

रिटायर झाल्यापासून मी मोबाईलवर बघून कागदाच्या वस्तू करते. भेंडी कापून ठसे, बटाटा कोरून ठसे. आमच्याकडे भाजी कलेतून उरली तरच ताटात येते, असं हे म्हणतात. मोबाईलवरच मला ते झाड दिसलं. खोड कागदाचं, आणि घरातल्या प्रत्येकाच्या अंगठ्याचा ठसा म्हणजे एकेक पान. आता घरच्यांचे अंगठे अक्का कुणाच्या वास्तुशांतीला देणार?

आमच्या गावातल्या कमरीपेठेत जाऊन हिरवं स्टॅम्पपॅड मागितलं.

"हसरु इल्लरी, हिरवं संपलंय," दुकानदार म्हणाला. "जांभळं न्या की. सगळ्या हापिसात हेच चालतंय."

जाड कागद मागितला, तर त्यानं बाँडपेपर काढून दिला. छान होता कागद.

खोड मी मोठ्या पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं, ते बसमधून मिरवत नेणं शक्य नव्हतं. म्हणून ठरवलं, अंगठे कोऱ्या कागदावर घ्यायचे, आणि घरी आणून पानासारखे कापून चिकटवायचे. आणि प्रत्येकाला बजावायचं, अक्कांना यातलं काही कळता कामा नये. हे बाहेरून कसं दिसत असेल, ते आता सांगताना माझ्याही लक्षात येतंय. तेव्हा आलं नाही.

सगळ्यात आधी गेले अळणावरला. तिथं आमचं सामाईक घर आहे, मागं फणस, आणि फणसावर सगळ्यांचा हक्क. तिथं राहतो गिरीश, माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. दिरांना आम्ही अण्णा म्हणतो. ते निवृत्त वकील.

"काकू, अंगठा कशाला हो? मला सही येते की."

"सही नको. अंगठाच पाहिजे. पोरांचे पण दे. आणि अक्कांना बोलू नकोस."

गुणी पोरगा, निमूट दिले. मी बसस्टँडवर पोचायच्या आत त्यानं वडिलांना फोन लावला होता, हे मागाहून कळलं.

मग आमच्या ह्यांचा अंगठा. विचारून घेतला असता, तर बातमी त्याच दिवशी धारवाडला गेली असती, ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून दुपारी जेवून घोरत पडले होते, तेव्हा अंगठा उचलला, पॅडवर टेकवला, कागदावर उमटवला आणि परत पोटावर ठेवून दिला. संध्याकाळी विद्यानगरच्या कोपऱ्यावर ह्यांना अण्णा भेटले.

"वसंता, अंगठा जांभळा कशानं झाला?"

"काय की. झोपून उठलो तर असाच होता."

वकिलाला एवढं बास झालं. अण्णा तडक आमच्या घरी.

"सुधा, कोऱ्या कागदावर अंगठे गोळा करायलीस म्हणे."

"होय की. तुमचाच राहिलाय. आत्ता देता का?"

"वर मजकूर काय येणार?"

"मजकूर कशाला? मी कापून चिकटवणार."

"चिकटवणार. कशाला?"

"ते भाऊबीजेला अक्कांकडे कळेल. तोवर त्यांना सांगू नका हं."

अण्णांनी चहा अर्धाच ठेवला. सगळी हयात कोर्टात गेली, पण इतकी उघड लबाडी त्यांनी कधी पाहिली नसावी.

तेवढ्यात मला वाटलं, झाड फार बोडकं दिसतंय. म्हणून कमरीपेठेतल्या बाळू भावजींनाही धरलं. हे चुलत घराण्यातले, अळणावरच्या जागेशी त्यांचा काडीचा संबंध नाही. त्यांनी एक शब्द न विचारता दोन्ही हातांचे अंगठे दिले. "एक कमी पडायला नको," म्हणाले.

अखेर अण्णांच्या घरून जाऊबाईंचा फोन आला. मी बटाटा कोरत होते.

"सुधा, अळणावर तू नावावर करून घ्यायलीस म्हणे?"

तिथल्या तिथं सांगून टाकलं असतं, तर मिटलं असतं. पण माझं डोकंच फिरलं. फणसाचा गरा कधी तोंडात घातला नाही, आणि मी जागा लाटणार? म्हटलं, बघू देत एकदाचं झाड आणि मरू देत लाजेनं. "भाऊबीजेला कळेल," एवढंच बोलले आणि फोन ठेवला.

एरवी भाऊबीजेला जो तो आपल्या सवडीनं अक्कांकडे जाऊन येतो. यंदा सकाळीच सगळे दारात. अण्णांच्या काखेत फाईल, अळणावरहून गिरीश पोराबाळांसकट, आणि बाळू भावजी इस्त्रीचा शर्ट घालून.

"अगबाई, सगळे एकदम?" अक्का हरखल्या. "कुकर दुसरा लावते."

ओवाळणं झालं आणि मी झाडावरचा कागद काढला. अण्णांनी चष्मा लावला, झाड वाचलं, मग पुठ्ठा उलटा करून मागची बाजूही वाचली. अक्का एकेका पानाखालचं नाव वाचत बोट फिरवत होत्या.

"हा गिरीश. ही पोरं. वसंताचा वाकडा का?"

"झोपेत घेतला."

"बरं. अण्णाचा कुठाय?"

अण्णा मान खाली घालून उठले, ओवाळणीच्या ताटातल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि झाडावर टेकवला. "मला वाटलं..." म्हणाले, आणि अंगठा रुमालाला पुसला. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. "किती वर्षांनी सगळे एका जागी दिसलात," म्हणाल्या. मी चिडले होते, ते सगळं त्या क्षणी विसरले.

मग अक्कांचं बोट थांबलं.

"सुधा, सगळ्यांचे घेतलेस. तुझा कुठाय?"

मी झाड बघितलं, वरून खालून. माझा नव्हताच. खरंच विसरले होते हो, देवाशप्पथ. पण सगळ्यांचे घेऊन स्वतःचा दिला नाही म्हटल्यावर अण्णांनी काढलेला चष्मा परत लावला आणि फाईल जवळ ओढली.

अक्कांनी ते झाड भिंतीवर लावलं नाही. "एवढ्यांचे अंगठे असे उघड्यावर टांगतात होय?" म्हणाल्या आणि कपाटात अळणावरच्या कागदांखाली ठेवून कुलूप घातलं. म्हणजे माझी भेट अखेर अक्कांच्या घरात टिकली, पण मला ती बघायची असेल, तर अण्णांच्या मते दोन साक्षीदार घेऊन यावं लागेल.