रिबेकामावशीचा राहिलेला मलिदा

टीव्हीवर पुढारी हात मिळवू लागले की रिबेकामावशी आवाज बंद करायची. "फोटोसाठी हात कुणीपण मिळवील. संध्याकाळी सगळ्यांची पोरं घरी आली का, ते सांगा म्हणावं!" असं पुटपुटत ती चहा टाकायला उठायची.

दोन हजार दोनच्या सुमारास मी पुण्याहून नोकरीसाठी ग्लासगोला आलो आणि तिच्याकडे भाड्याने राहिलो. नाव रिबेका आणि मराठी अस्सल रेवदंड्याची! माझा चेहरा बघून ती हसली. "आम्ही बेने इस्रायल, ज्यू. पूर्वी आमचे तेलाचे घाणे, ते शनिवारी बंद. म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. आता तुझं कुळ सांग." तिचे बहुतेक नातलग इस्रायलला गेले होते. ही नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आली आणि तो वारल्यावरही इथेच राहिली.

खालच्या मजल्यावर नबील राहायचा. मूळचा नाब्लुसचा पॅलेस्टिनी, इथे फार्मासिस्ट. रोज बातम्यांना तो वर यायचा आणि दोघं इंग्रजीत कडाकडा भांडायची. मावशीचा भाचा डॅनी इस्रायलच्या सैन्यात होता. नबीलची आई तिकडे नाब्लुसला; डायलिसिसला जाताना त्याच सैन्याच्या नाक्यावर ताटकळायची. भांडून झालं की मावशी त्याच्यापुढे खोबऱ्याच्या वड्या ठेवायची. "खा रे. भांडायला ताकद लागते." त्या भांडणांनी घर कसं भरलेलं असायचं! अजून आठवण येते.

ती नवस बोलली होती. डॅनी आणि नबीलची आई, दोघं यातून सुखरूप निघाली तर एलियाहू पैगंबराच्या नावाने मलिदा करीन. पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. प्रार्थना म्हणून सगळ्यांनी वाटून खायचं. "मग खजूर माझ्याकडून, आंटी," नबील म्हणाला होता.

एका हिवाळ्यात त्याच्या आईची गाडी नाक्यावर अडली. मावशीने तडक डॅनीला फोन लावला. तो म्हणाला, मी तिथे नाही. "तू नसशील रे, पण तुझ्यासारखंच कुणाचं तरी पोर उभं असेल ना! त्याला सांग, बाई आजारी आहे!" गाडी सुटली, पण उशिरा. नबीलची आई गेली.

नबीलचं वर येणं थांबलं. पुढच्या वर्षी डॅनी सैन्यातून धडधाकट घरी परतला, आणि तिकडून बहिणीने मावशीला बजावलं, "नवस अंगावर ठेवू नये. मलिदा कर." मावशीने पोहे काढले, पण भिजवण्याआधी ती खाली गेली. मी मागोमाग.

"नबील, डॅनी घरी आला. मी मलिदा करू का?"

तो दार धरूनच म्हणाला, "करा, आंटी. डॅनीवर माझा राग नाही. पण मला बोलावू नका."

वर येऊन तिने पोहे परत डब्यात भरले. मी म्हटलं, "मावशी, तो कर म्हणाला ना?"

"नवस दोघांचा होता, बाळा. अर्धा फेडत नाहीत." ती भांडी घासत राहिली. मलाच भडभडून आलं.

काही वर्षांनी मावशी गेली. नबील तोवर एडिनबराला राहायला गेला होता, पण दफनाला आला. माती देऊन झाल्यावर त्याने मला हळूच विचारलं, "आंटींनी मलिदा केला, तेव्हा कोण कोण आलं होतं?"

"केलाच नाही," मी म्हटलं.

तो तिथेच ओल्या गवतावर खाली बसला.